शनिवार सकाळच्या मैदानाची तयारी : गेलिक क्लबमध्ये मुलांना प्रथमच आणणाऱ्या पालकांसाठी

डब्लिनच्या पश्चिमेकडील आमच्या उपनगरातल्या गेलिक क्लबने, म्हणजे हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ आणि गेलिक फुटबॉल हे आयरिश खेळ शिकवणाऱ्या क्लबने, २०२६ च्या हंगामाची नावनोंदणी सुरू केली आहे. चार ते सात वर्षांच्या मुलांचा शनिवार सकाळचा वर्ग, ज्याला येथे सगळे 'नर्सरी' म्हणतात, तोही हिवाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा मैदानावर भरू लागला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत या वर्गात मराठी घरांतील मुले वाढली असून दर शनिवारी कुंपणापाशी कोणी ना कोणी मला तेच प्रश्न विचारते : काठी कोठे मिळते, क्रिकेटचे हेल्मेट चालेल का, नाव न नोंदवता दोन-चार वेळा येऊन पाहता येईल का. मी येथे आठ वर्षांखालील गटाला मदत करतो. तेवढ्या अधिकाराने ही तयारीची यादी लिहीत आहे.

सर्वप्रथम नोंदणी. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही या खेळांची संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स या गावी एका हॉटेलात स्थापन झाली, आणि ती आजही हौशी खेळाडूंची आणि स्वयंसेवकांची संस्था आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क या तिच्या मुख्य मैदानावर ब्याऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्यालाही खेळण्याचे वेतन मिळत नाही. म्हणून क्लबची वर्गणी भरताना आपण शिकवणीची फी भरत आहोत असे समजू नये. ती आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळाच्या वर्गणीसारखी आहे, म्हणजे पैसे दिल्यावर खुर्च्या लावायलाही यावे लागते. नोंदणी 'फ्विरन' नावाच्या संगणकीय व्यवस्थेत होते. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ संघ असा आहे, आणि त्याचे स्पेलिंग पाहून उच्चार ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ही नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते. मुलाला दमा असेल, कशाची अॅलर्जी असेल, तर ती माहिती तेथेच लिहावी, कारण प्रशिक्षक ती पाहतात. नोंदणी नसलेल्या मुलाला दुखापत झाल्यास संस्थेच्या दुखापत निधीतून काहीही मिळत नाही, एवढे एकच कारण ती वेळेवर करण्यास पुरेसे आहे.

गट ठरवताना १ जानेवारीचे वय धरले जाते, शाळेची इयत्ता नाही. २०१८ साली जन्मलेले मूल २०२६ मध्ये आठ वर्षांखालील गटात येते, मग त्याचा वाढदिवस फेब्रुवारीत असो वा डिसेंबरात. वर्गमित्र वेगळ्या गटात गेला म्हणून रुसवे होतात, तेव्हा हे घरी आधीच समजावून ठेवलेले बरे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : हर्लिंगचा मुलींचा खेळ म्हणजे कमोगी आणि मुलींचे गेलिक फुटबॉल यांच्या संघटना आजही स्वतंत्र आहेत, त्यामुळे नोंदणी करताना दोन्ही खेळांवर खूण करावी. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालील समिती या दोन आणि मूळ संस्था अशा तिन्ही संघटनांच्या विलीनीकरणाचे काम पाहत आहे आणि त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. तोवर मात्र खुणा दोन.

आईवडिलांपैकी ज्यांना मैदानात उतरून मदत करायची आहे त्यांनी गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलीस पडताळणी, आजच सुरू करावी. ती पूर्ण झाल्याशिवाय आणि बालसुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही मुलांसोबत काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. या अर्जात जन्मापासून आजपर्यंतचे सगळे पत्ते मागतात. मी आणि माझी पत्नी एका रात्री जेवणे आटोपून हा अर्ज भरायला बसलो, तेव्हा मिरजेचे आजोळ, पुण्यातील वसतिगृह, कोथरूडमधील दोन भाड्याची घरे आणि बेंगळुरूतील एक खोली, एवढ्यांचे पिनकोड शोधता शोधता मध्यरात्र झाली. शेवटी सासूबाईंना पहाटे फोन करून वाड्याचा घरक्रमांक विचारावा लागला. तेव्हा पत्त्यांचा कागद आधी तयार ठेवावा आणि मगच अर्ज उघडावा.

आता काठी. तिला येथे हर्ली किंवा नुसते हर्ल म्हणतात, आणि खाली जो चपटा रुंद भाग असतो तो 'बॉस'. ती परंपरेने अॅश या झाडाच्या लाकडाची असते. बुंध्याचा मुळांकडे वळणारा भाग कापून घेतल्यामुळे लाकडाचे तंतूच बॉसच्या वळणाबरोबर वळलेले असतात आणि काठी सहजी मोडत नाही. एका बुरशीजन्य रोगाने युरोपभर अॅशची झाडे मरत असल्याने हल्ली बांबूच्या आणि कृत्रिम द्रव्याच्या काठ्याही दिसतात, आणि नर्सरीच्या मुलांना त्या सहज चालतात. मापाच्या बाबतीत मात्र 'वाढत्या अंगाचे घेऊ' हा आपला जुना हिशेब सोडून द्यावा. आम्ही मुलासाठी पहिली काठी घेतली तेव्हा दोन वर्षे पुरेल म्हणून चार इंच मोठी घेतली, आणि तो महिनाभर ती नांगरासारखी ओढत फिरला. मुलाला ताठ उभे करावे, बॉस जमिनीवर टेकवून काठी पायालगत धरावी. वरचे टोक कमरेच्या हाडापाशी आले की माप बरोबर. वरचे टोक बरगड्यांत रुतत असेल तर काठी दुकानातच ठेवावी.

ती धरावी कशी, हा प्रश्न आपल्या मुलांपुढे विशेष उभा राहतो. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात बॅटच्या मुठीवर वर असतो आणि उजवा खाली. हर्लिंगमध्ये नेमके उलटे. ज्या हाताने मूल लिहिते तो हात वर, काठीच्या टोकापाशी, आणि दुसरा हात मोकळा, कारण हवेतला चेंडू त्या मोकळ्या हाताने झेलायचा असतो आणि फटका मारतानाच तो हात खाली काठीवर येतो. घराच्या अंगणात वर्षभर बॅट फिरवलेले मूल मैदानात आले की आधी क्रिकेटची पकड घेते, चेंडू जमिनीवर असेपर्यंत त्याचे बरे चालते, आणि चेंडू उडाला की दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे ते नुसते वर पाहत राहते. मी काळ्या मार्करने काठीच्या टोकाशी एक रेघ ओढून 'ही लिहिणाऱ्या हाताची जागा' असे सांगतो. पहिल्या आठवड्यात हट्टाने सुधारले तर सुधारते, नाहीतर ती चुकीची पकड दहाव्या वर्षापर्यंत पुरते. त्याच मार्करने काठीवर नाव लिहावे. एकाच लांबीच्या चाळीस काठ्या चिखलात पडल्या की आई काय, बापही आपली काठी ओळखू शकत नाही.

हेल्मेट क्रिकेटचे चालत नाही. हर्लिंगमध्ये सर्व वयोगटांसाठी जाळीचे हेल्मेट २०१० पासून सक्तीचे आहे आणि त्यावर आय. एस. ३५५ हे आयरिश मानक छापलेले असावे लागते. जाळीची एखादी तार कापणे, दुसऱ्या कंपनीची जाळी बसवणे, असले प्रकार करू नयेत, कारण बदल केलेल्या हेल्मेटमुळे दुखापत निधीचा हक्क जातो. जुने हेल्मेट घेतल्यास आतील स्पंज आणि हनुवटीचा पट्टा तपासावा. फुटबॉलला हेल्मेट लागत नाही, परंतु माउथगार्ड लागतो, आणि तो सरावालाही लागतो. मुलांसाठी हा नियम २०१३ पासून आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवण्याचा माउथगार्ड शुक्रवारी रात्री बसवून ठेवावा, कारण शनिवारी सकाळी गाडीत ते जमत नाही. दुधाचे दात पडत असतील तर दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा बसवावा लागतो.

पायात खिळ्यांचे बूट हवेत. कृत्रिम गवतावर सराव असेल तर लहान रबरी टोकांचे चालतात, नैसर्गिक गवतावर, फेब्रुवारीच्या चिखलात, साध्या बुटांनी मूल प्रत्येक वळणावर बसते. मुलींच्या कपड्यांविषयी एक जुनी तक्रार आता मिटली आहे : कमोगीत खेळाडूंना स्कॉर्टच, म्हणजे स्कर्टसारखी दिसणारी शॉर्ट्स, घालावा लागे, त्यावरून खेळाडूंनी आवाज उठवला, आणि २२ मे २०२५ रोजी झालेल्या विशेष अधिवेशनात सुमारे ९८ टक्के मतांनी शॉर्ट्स घालण्याची मुभा मिळाली. तेव्हा लेकीसाठी जे तिला सोयीचे ते घ्यावे.

घरच्या सरावासाठी एक भिंत आणि एक चेंडू पुरतो. हर्लिंगच्या चेंडूला स्लिटर म्हणतात, मोठ्यांचा चामड्याचा स्लिटर ११० ते १२० ग्रॅमचा आणि टणक असतो, म्हणून लहानांसाठी मऊ आणि हलका मागून घ्यावा. शेजाऱ्याची खिडकी ज्या बाजूला आहे तिकडे पाठ करून उभे राहावे. फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. मग तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा पायाच्या बोटांवर सोडून पुन्हा हातात उडवून घ्यावा. या दुसऱ्या प्रकाराला 'सोलो' म्हणतात आणि सलग दोनदा आपटणे चालत नाही. जमिनीवरचा चेंडू मुलांनी पायाचे बोट खाली घालून उचलायचा असतो, मुलींच्या खेळात तो थेट हाताने उचलता येतो. आमच्या घरात भाऊ-बहीण एकाच अंगणात सराव करतात, त्यामुळे या एका नियमावरून जेवढे वाद झाले तेवढे टीव्हीच्या रिमोटवरूनही झाले नसतील.

पालकांनी गुण मोजण्याची पद्धत शिकून यावी, म्हणजे शेजारच्या आयरिश आजोबांशी बोलायला विषय मिळतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक गुण. २०२५ च्या हर्लिंगच्या अंतिम सामन्यात टिपररीने कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असे हरवले, म्हणजे तीन गोल व २७ एकेरी गुण विरुद्ध एक गोल व १८, याचा अर्थ ३६ विरुद्ध २१. मोठ्या पुरुषांच्या फुटबॉलमध्ये २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात आणि त्यासाठी पंच नारिंगी निशाण दाखवतात. गोलाला हिरवे, एका गुणाला पांढरे. लहानांच्या गटात हे काही नाही. तेथे 'गो गेम्स' या पद्धतीने छोटे संघ असतात, प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळवले जाते आणि निकाल जाहीर होत नाही. मुले मनात मोजतातच, आपण मात्र गाडीत बसल्यावर 'किती झाले?' असे विचारू नये.

शनिवारची पिशवी शुक्रवारी भरावी. त्यात पाण्याची बाटली, कोरडे मोजे, पावसाचे जाकीट, ओले कपडे ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी आणि परतीच्या प्रवासासाठी खाऊ एवढे असले की पुरते. गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरावी, हा सल्ला मला कोणी वेळेवर दिला नव्हता. मैदान पाण्याने भरले तर सराव रद्द झाल्याचा निरोप सकाळीच पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर येतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन पाहावा. प्रशिक्षक लहान मुलांना स्वतंत्रपणे संदेश पाठवत नाहीत, सर्व निरोप पालकांकडेच येतात. काही कारणाने मूल येणार नसेल तर तसे त्याच गटावर कळवावे. प्रशिक्षक तेवढ्या मुलांचे संघ आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवतात.

मैदानाच्या कडेला उभे राहून मराठीत सूचना देण्याचा मोह आवरावा. प्रशिक्षक एक सांगतात, बाबा ओरडून दुसरे सांगतात, आणि पोरगे मध्येच थांबून दोघांकडे आळीपाळीने पाहते. टाळ्या कितीही वाजवाव्यात, दोन्ही संघांसाठी.

ज्या शनिवारी आपल्या क्लबकडे ब्लिट्झ असतो, म्हणजे आसपासचे चार-पाच क्लब येऊन छोटे सामने खेळतात, त्या दिवशी पालकांच्या पाळ्या लागतात : कोणी गाड्या लावून घेते, कोणी निशाणे घेऊन गोलामागे उभे राहते, कोणी चहाचे मोठे भांडे सांभाळते. पाहुण्यांना सँडविच आणि छोटे सॉसेज देतात, त्यामुळे शाकाहारी घरांनी आपल्या मुलांचा डबा बरोबर आणावा. मागच्या ब्लिट्झला एका ताईंनी साबुदाण्याचे वडे आणले होते, ते पहिल्या पंधरा मिनिटांत संपले आणि शेंगदाणे असल्याचे सांगायचे राहून गेले. सुदैवाने कोणाला काही झाले नाही, पण यापुढे डब्यावर चिठ्ठी लावावी. क्लबच्या साप्ताहिक लॉटरीचे तिकीट घेणे सक्तीचे नाही. तरी मैदानाच्या दिव्यांचे बिल त्यातूनच भरले जाते, हे माहीत असावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कूल कॅम्पची नोंदणीही वसंतातच उघडते. सहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सोमवार ते शुक्रवार असा हा आठवडा असतो, आणि आमच्या क्लबमध्ये जागा लवकर भरतात. यातला 'कूल' म्हणजे आयरिश भाषेतील गोल. थंडीशी त्याचा संबंध नाही.

एवढे सगळे वाचून कोणी उद्याच दुकानात जाऊ नये. नर्सरीच्या मुलांसाठी क्लबच्या कंटेनरमध्ये काठ्या आणि हेल्मेट ठेवलेले असतात आणि पहिले तीन शनिवार ते वापरायला मिळतात. तोवर मुलाला खेळ आवडतो की नाही ते कळते आणि मापही कळते. मात्र हनुवटीचा पट्टा लावण्याचा सराव घरी सायकलच्या हेल्मेटवर करून घ्यावा, कारण सकाळी साडेनऊला, तीन अंश तापमानात, बोटे गारठलेली असताना तीस पोरे एकाच वेळी हनुवटी वर करून माझ्यापुढे रांगेत उभी राहतात.