संसार दोन गावांत, काउन्सेलर तिसऱ्या: ऑनलाइन सुरू करण्याआधी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा गुहागर तालुक्यात, घर कराडला. नवरा तिथल्याच एका अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी अर्ज करत असतो, नंबर काही लागत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुंभार्ली घाटातून एसटीने कराड, रविवारी दुपारी परत. मुलगा सासूबाईंजवळ. अशा संसारात नवरा-बायकोला धड भांडायलाही सवड नसते. जे काय व्हायचं ते फोनवर, मुलगा झोपल्यावर. त्यामुळे काउन्सेलिंग घ्यायचं ठरलं तेव्हा ते ऑनलाइनच असणार, हे उघड होतं. आता केंद्रात, प्रशिक्षणात कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "नक्की काय करतात गं त्यात?" म्हणून हे एकदाच सविस्तर.

हे कुणासाठी नाही

घरात मारहाण असेल, धमक्या असतील, पैसे-फोन काढून घेतले जात असतील तर जोडप्याने एकत्र बसायचं काउन्सेलिंग आधी नको. स्क्रीनवर खरं बोललेल्या बाईला कॉल संपल्यावर त्याच घरात राहायचं असतं. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्षही चालतात. हे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलं. चांगला काउन्सेलर दोघांशी वेगवेगळं बोलून याची चौकशी करतोच. कुणी केली नाही, तर मला तरी ते खटकेल.

दुसरं म्हणजे दोघांपैकी एकालाच झोप नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर त्या माणसाची मदत आधी. टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

माणूस निवडताना

प्रोफाइलवर 'काउन्सेलर' लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. छोटासा कोर्स करूनही लोक लिहितात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या: शिक्षण कशात झालंय? जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? एका माणसाचं दुःख ऐकणं आणि एकमेकांवर तापलेल्या दोघांना एकाच तासात सांभाळणं ही निराळी कामं आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्यांकडे तो क्रमांक नसेल. त्याने ते कमी ठरत नाहीत, पण मग अनुभव जरा खोदून विचारावा. गोळ्या यांपैकी कुणीच लिहून देत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. आणि "तीन सेशनमध्ये संसार रुळावर" अशी हमी देणारा दिसला तर पुढे स्क्रोल करा.

मराठीत बोलणारा माणूस शोधा, हा माझा आग्रह. मोठ्या ॲपवर आधी इंग्रजीवालेच दिसतात. पण गौरीला माहेरी जायचं की सासरी, यावरून धुमसलेला राग इंग्रजीत सांगायला लागलं की अर्धा वेळ गौरी समजावण्यात जातो. आमच्या मॅडम पुण्याच्या आहेत. 'वेगळी चूल' म्हटल्यावर त्या घरात काय काय घडलं असेल, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

जागा: यात कंजुषी नको

ऑनलाइन काउन्सेलिंग बहुतेकदा नेटमुळे नाही, जागेमुळे बिघडतं. आमच्या कराडच्या घरात दोन खोल्या. टीव्ही चालू असला तरी सासूबाईंना फोनवरचं अक्षर न् अक्षर ऐकू येतं. नवरा हळू आवाजात "हो", "नाही", "बघू" एवढंच बोलायचा. मॅडमनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि थेट विचारलं, "आत्ता घरात कोण आहे?" तेव्हापासून सेशनच्या वेळी तो गाडी काढतो आणि प्रीतिसंगमाजवळ उभी करून आत बसतो. काचा वर, इंजिन बंद, फोन डॅशबोर्डवर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. सुरुवातीला फोन मांडीवर असायचा, त्यामुळे आम्हाला नुसती हनुवटी दिसायची. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, डोळ्यांच्या पातळीवर. समोरचा माणूस तुमच्या चेहऱ्यावरूनच निम्मं काम करत असतो.

मी भाड्याच्या खोलीवर बसत नाही, मधली भिंत पातळ आहे. पाचनंतर शाळेत रिकाम्या वर्गात बसते, कडी लावून. दोघांनाही वायरवाले इअरफोन. ऐन मोक्याला चार्जिंग संपायची भानगड नको. तुम्ही दोघं एकाच घरात असाल तर एकाच स्क्रीनसमोर शेजारी बसा आणि लॅपटॉप थोडा लांब ठेवा, म्हणजे एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याचा चेहराही दिसतो. लहान मूल असेल तर ते त्या वेळेपुरतं शेजारी, आजीकडे, कुठेही, पण त्या खोलीत नको. मुलं कार्टून बघत असली तरी ऐकत असतात, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

कोकणात पावसाळ्यात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. त्यासाठी नियम आधीच ठरवून घ्या. आमचा असा: एक जण तुटला तर मॅडम दुसऱ्याशी विषय पुढे नेत नाहीत. पाच मिनिटं थांबतात, मग साधा कॉन्फरन्स कॉल, तोही नाही लागला तर उरलेला वेळ पुढच्या वेळी. दुसऱ्याच्या गैरहजेरीत बोलणं चालू राहिलं तर परत आलेल्याला वाटतं, माझ्या पाठीमागे काय ठरलं? आधीच संशयाने पोखरलेल्या नात्यात ही भर नको.

पहिल्या सेशनमध्ये

आधी फॉर्म येतो. वय, लग्नाला किती वर्षं, मुलं, आजार, औषधं, दारू, झोप, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार. शिवाय तातडीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. हा नंबर बघून नवरा बिचकला होता. कारण साधं आहे: काउन्सेलर तुमच्यापासून दोन जिल्हे लांब बसलेला असतो, काही झालं तर त्याला धावत येता येत नाही. म्हणूनच आमच्या मॅडम प्रत्येक वेळी सुरुवातीला विचारतात, "आज कुठून बोलताय?"

मग गुप्ततेचं बोलणं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरी अपवाद असतात, मुख्य म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. हे अपवाद त्यांच्याकडून स्पष्ट ऐकून घ्या. रेकॉर्डिंगचाही विषय तेव्हाच काढा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जोडीदाराशी झालेल्या बोलण्याचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. तेव्हा ही भीती अगदीच उगाचची नाही. कुणीही रेकॉर्ड करणार नाही, हे संमतिपत्रात लिहून घ्या. तेवढ्याने कुणाचे हात बांधले जात नाहीत, पण बोलायला धीर येतो.

बरेच काउन्सेलर पहिल्यांदा दोघांना एकत्र, नंतर एकेकट्याला आणि मग पुन्हा एकत्र भेटतात. एकट्याच्या वेळी सांगितलेलं जोडीदारापासून लपवून ठेवणार का, ते आधी विचारा. काही जण ठेवतात. काही जण म्हणतात, नात्याशी संबंधित मोठी गोष्ट असेल तर ती तुम्हीच पुढे उघड करायची. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते माहीत नसताना मन मोकळं करायला जाऊ नका.

पहिल्या तासात निकाल मागू नका. प्रत्येकाच्या मनात असतं की आता एक शिकलेला, तटस्थ माणूस माझं ऐकेल आणि "ताई, तुमचंच बरोबर आहे" म्हणेल. तसं होत नाही. आमच्या मॅडमनी बदलीचा, पैशाचा, सासूबाईंचा असा एकही विषय पहिल्या दिवशी सोडवायला घेतला नाही. ओळख कशी झाली, एकमेकांचं काय आवडलं होतं, सगळं ठीक होतं ते शेवटचं कधी, असंच विचारत राहिल्या. मी मनात म्हटलं, याचे पैसे?

भांडण कसं होतं, हे बघायचं

पैसे कशाचे ते पुढे कळलं. रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल हे आमचं ठरलेलं रणांगण. मी विचारणार: अभ्यास घेतला का, डॉक्टरकडे नेलं का, फी भरली का. तो गप्प. मी तेच पुन्हा विचारणार, आवाज चढवून. तो फोन उलटा ठेवणार. मॅडमनी हेच सेशनमध्ये घडू दिलं आणि मधेच थांबवून दोघांना वेगवेगळं विचारलं: "ते गप्प झाले तेव्हा तुमच्या मनात काय आलं?" मी म्हटलं, "यांना माझी काही पडलेली नाही." मग त्यांनी त्याला विचारलं, "त्या प्रश्नांत तुम्हाला काय ऐकू येतं?" तो म्हणाला, "तपासणी. साहेब शाळेत आल्यासारखी."

एक जण पाठलाग करतो, दुसरा आत शिरून दार लावतो, आणि दार लागलं की पहिला आणखी जोरात वाजवतो. जोडप्यांवर काम करणाऱ्यांच्या हा रोजच्या बघण्यातला प्रकार आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाने जोडप्यांच्या भांडणातल्या चार घातक सवयी सांगितल्यात: टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोल्याची भिंत. तो असंही सांगतो की नाडी शंभरच्या वर गेली की माणसाच्या डोक्यात समोरचं बोलणं शिरतच नाही, त्याला निदान वीस मिनिटं थांबू द्यावं. आमचा नियम त्यातूनच आला. ज्याला थांबायचंय त्याने "थांबतो" म्हणायचं आणि परत फोन कधी करणार ती वेळ सांगायची. वेळ न सांगता ठेवलेला फोन हा फक्त आपटलेला फोन.

ऑनलाइनमध्ये यात एक खास गुंता आहे. नवरा गप्प बसला की तो गप्प आहे की स्क्रीन गोठलीय, हेच कळायचं नाही. मी "हॅलो? आवाज येतोय का?" सुरू करायची आणि तो बोलायच्या बेतात असताना त्याचा धागा तुटायचा. मॅडमनी तोडगा काढला: विचार करत असशील तर बोट वर कर. आता गाडीतल्या त्या चौकोनात बोट वर दिसतं आणि मी थांबते. समोरासमोर बसलो असतो तर याची गरज पडली नसती. पण खरं सांगू, बोट वर करायची सवय आमच्या साडेनऊच्या कॉललाही लागली.

स्वतःचा चेहरा स्क्रीनवर दिसत असेल तर तो लपवायची सोय ॲपमध्ये असते, ती वापरा. रडताना स्वतःकडे बघत बसलं की रडणंही धड होत नाही.

कॉल संपल्यावर, आणि पैशांचं

दवाखान्यातून निघालं की निदान जिना उतरायला वेळ मिळतो. इथे लाल बटण दाबलं की तुम्ही थेट भाजीच्या पिशवीसमोर. पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा. आणि लगेच एकमेकांना फोन लावून "तू त्यांना असं का सांगितलंस?" सुरू करू नका. ते पुढच्या सेशनला न्यायचं.

जोडप्याचं सेशन साधारण तास ते दीड तास. फी शहर आणि अनुभव पाहून हजाराच्या आसपासपासून तीन हजारांपर्यंत मी ऐकलीय. काही जण परिस्थिती सांगितली तर कमी करतात, पण ते विचारावं लागतं. ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात. सुरुवातीला आठवड्याने, मग पंधरवड्याने, असं चालतं. चार-पाच वेळा बोलूनही काउन्सेलर एकाच्याच बाजूने बोलतोय, स्वतःच्या लग्नाच्या गोष्टी सांगतोय किंवा "बाईने थोडं सोसावं" छापाचं बोलतोय असं दिसलं तर बदला. तसं तोंडावर सांगून बदललं तरी चालतं.

जोडीदार तयार नसेल तर "तुला गरज आहे" हे वाक्य टाळा. "मला आपल्या भांडणांचा कंटाळा आलाय, एकदा तिघं बोलून बघू, नाही पटलं तर सोडून देऊ," असं म्हटलं की पुरुष माणूस निदान विचार करतो. तरीही नाहीच म्हणाला तर एकटीने सुरू करा, तेही चालतं.

आणि काउन्सेलरला पहिला मेसेज काय करायचा हे सुचत नसेल, तर माझा घ्या: "नमस्कार मॅडम, आम्ही दोघं वेगवेगळ्या गावी नोकरीला असतो. फोनवर सतत वाद होतात. दोघंही बोलायला तयार आहोत. मराठीतून, संध्याकाळी सहानंतर वेळ मिळेल का? फी आणि पद्धत कळवावी." बरेच जण यावर आधी दहा-पंधरा मिनिटांचा फोन ठेवतात. वरचे सगळे प्रश्न कागदावर लिहून त्याच फोनवर विचारा.