थवे शोधायचे तर मान वर नको, खाली

थंडीत बुलबुल, हळद्या, भोरड्यांचे थवे बघायला जायचं आणि दोन तास पायपीट करून रिकामं परतायचं, हे माझं नेहमीचं होतं. आता मी पक्षी शोधत नाही, झाड शोधतो.

१. आदल्या संध्याकाळी वड, पिंपळ, उंबराखालून चक्कर मारा. डांबरावर चिरडलेली लाल फळं, ताजी विष्ठा आणि चोचीने अर्धी कुरतडलेली फळं दिसली, की झाड ‘लागलेलं’ आहे. सगळे वड एकदम पिकत नाहीत. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या आवारात नसेल तर जांबोटी रस्त्याला बघा, कुठेतरी एखादा पिकलेला असतोच.

२. सकाळी सातला पोचा. ऊन पाठीशी ठेवून वीस-पंचवीस पावलांवर बसा. उभं राहू नका, आणि तो भडक स्वेटर घरीच ठेवा.

३. थवा उडाला तरी जागा सोडू नका. फळं आहेत तोवर तो बहुधा परततो. घाई करणाऱ्यांना फक्त शेपट्या दिसतात!

बसण्याआधी फांद्यांवर आग्या मोहोळ नाही ना, तेवढं बघा. असेल तर दुसरं झाड गाठा, आणि तिथं विडी-सिगारेट तर नकोच.