खऱ्या रसिकाला चित्र विकताना या चुका टाळा

दर्दी माणूस चित्र आधी लांबून बघतो, मग जवळ येऊन कागदाचा पोत न्याहाळतो आणि शेवटी चित्र उलटं करून मागची बाजू तपासतो. नेमकी तीच आपण विसरतो.

माझं एक जलरंगातलं चित्र घेतलेल्या बाईंचा दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोन आला. ‘आकाशात तपकिरी ठिपके आलेत.’ फ्रेम उघडली, तर काच थेट कागदाला चिकटलेली आणि मागे साधा हार्डबोर्ड. ओल आत शिरली, बुरशी धरली. कोकणात आणि मुंबईत हे हमखास होतं. तेव्हापासून काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, मागे ॲसिड-फ्री बोर्ड, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा आम्लविरहित पुठ्ठा, कडांना टेप, आणि खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. मागे शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि सही. एवढं केल्याशिवाय चित्र घराबाहेर काढू नका.

दुसरी चूक दोन भावांची. घरी पंधरा हजार आणि गॅलरीत पंचवीस, हे कधी ना कधी कळतंच, आणि ज्याने पंचवीस मोजले तो पुन्हा येत नाही. कमिशन धरूनच एक किंमत ठरवा. घासाघीस झाली तर हप्ते द्या, भाव पाडू नका.

प्रिंटवर चार फटकारे मारून ते मूळ चित्र म्हणून विकणं ही तर फसवणूकच. प्रिंट असेल तर प्रिंट म्हणा.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. ढगाळ दिवशी खिडकीपाशी काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

बिलाचा कंटाळा करू नका. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यात वाटा मागण्याची तरतूद आहे. चित्र कुणाकडे गेलं याची वहीत नोंदच नसेल तर मागणार कुणाकडे?

आणि प्रदर्शनात एखादा माणूस तिसऱ्यांदा त्याच चित्रापुढे येऊन थांबला, तर किमतीचा कागद घेऊन त्याच्याकडे धावू नका. एक खुर्ची सरकवा आणि त्याला बघू द्या. विचारायचं ते तो स्वतःच विचारेल.