जुन्या कन्सोलवरील शर्यतींचे रेकॉर्डिंग आणि आपोआप विश्लेषण : या चुका टाळा

सुपर निन्टेन्डोवरील ‘एफ-झीरो’ (१९९०) किंवा ‘सुपर मारिओ कार्ट’ (१९९२) यांसारख्या खेळांत वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत दिसते. ती व्हिडिओवरून प्रोग्रॅमने आपोआप वाचावी असे ज्यांना वाटते, ते बहुतेक सगळी मेहनत कोडवर घेतात आणि आकडे चुकू लागले की पुन्हा कोडच बदलत बसतात. प्रत्यक्षात अशा बिघाडांचे मूळ बहुधा चित्र संगणकात शिरते त्या टप्प्यावर असते, आणि तिथे हरवलेली फ्रेम पुढे कोणत्याही प्रोग्रॅमला परत आणता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे २४०पी (दर वेळी २४० ओळींचे पूर्ण चित्र) सिग्नल ४८०आय (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून जुळणारे ४८० ओळींचे चित्र) म्हणून रेकॉर्ड होऊ देणे. या कन्सोलकडून एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे येत नाहीत. तो सेकंदाला सुमारे ६० वेळा, त्याच त्या ओळींवर, पूर्ण नवे चित्र पाठवतो. कन्सोलचे चित्र संगणकात घेणारे स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगल मात्र टीव्ही आणि व्हीसीआर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, त्यामुळे ते लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत विणून सेकंदाला २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ देतात. मग वळणावर गाडीच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात आणि घड्याळाच्या शेवटच्या घरात दोन आकडे एकमेकांवर चढतात. त्यावर ‘ब्लेंड’ प्रकारचे डीइंटरलेसिंग (विणलेल्या ओळींवरची प्रक्रिया) लावले तर दोन्ही आकडे कायमचे मिसळतात, आणि साधे ‘डिस्कार्ड’ लावले तर अर्धी चित्रे फेकली जातात. एकाआड एक फ्रेमला लुकलुकणारी वस्तू अशा रेकॉर्डिंगमध्ये एक तर सतत दिसते किंवा अजिबात दिसत नाही.

ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वापरत असाल तर डीइंटरलेसिंगच्या यादीतील ‘रेट्रो’ हा पर्याय निवडावा आणि रेकॉर्डिंगचा दर ५९.९४ किंवा ६० ठेवावा. आधीच विणलेला व्हिडिओ हाती असेल आणि तो बदल न करता साठवलेला असेल, तर एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रक्रियेच्या प्रोग्रॅममधील ‘सेपरेटफील्ड्स’ या फिल्टरने दोन्ही चित्रे पुन्हा वेगळी करता येतात. वेगळी केल्यावर गाडी दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे अशी हलताना दिसली, तर फील्डचा (एकाआड एक ओळींच्या चित्रांचा) क्रम उलटा लागला आहे असे समजावे.

फ्रेमदर बरोबर आहे की नाही, हे तपासायला खेळातले घड्याळच उत्तम साधन आहे. जिथे ते दर फ्रेमला बदलते, तिथे एका फ्रेममध्ये साधारण १६.७ मिलिसेकंद जातात, म्हणजे शतांशाचा आकडा दर वेळी १ किंवा २ ने वाढायला हवा. तो सतत ३ किंवा ४ ने उडत असेल तर अर्ध्या फ्रेम गायब आहेत. यात एक बारीक मेख आहे: अमेरिकी आणि जपानी सुपर निन्टेन्डोचा खरा दर ६०.०९८८ च्या आसपास असतो, त्यामुळे ५९.९४ वर रेकॉर्ड करताना साधारण सहा-सव्वासहा सेकंदांनी एखादी फ्रेम सुटणारच. तेवढी उडी निसर्गनियम मानावी. त्याहून जास्त उड्या दिसल्या तर यूएसबी हब, डिस्कचा वेग किंवा एन्कोडरवरचा (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या भागावरचा) ताण तपासावा. उलट, ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये एकट्याने खेळताना खेळच सेकंदाला ३० चित्रे काढतो. तिथे तेच चित्र दोनदा आले म्हणून कॅप्चर अडखळले, असा निष्कर्ष काढू नये.

भारतात अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीची पद्धत पाल (सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची) असल्याने इथे विकत घेतलेल्या डोंगलचा ड्रायव्हर कधी कधी पालवर लावलेला सापडतो. अमेरिकी किंवा जपानी कन्सोल जोडल्यावर चित्र कृष्णधवल आले किंवा सरकत राहिले, तर केबल बदलण्याआधी ही सेटिंग पाहावी. पाल कन्सोलचे रेकॉर्डिंग मात्र ५० फ्रेमवरच करावे आणि त्या वेळा ६० फ्रेमच्या कन्सोलवरील वेळांशी कधीही थेट ताडू नयेत.

आता आकडे वाचण्याकडे वळू. टेसरॅक्टसारखे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम) छापील मजकुरासाठी घडवलेले आहे. आठ पिक्सेल रुंदीच्या अंकांत ते ३ आणि ८, ६ आणि ८ यांची गल्लत करते. खेळात अंक मोजून दहा, ठरावीक जागी आणि ठरावीक आकाराचे असतात, म्हणून ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या संचातील टेम्प्लेट जुळवणे, म्हणजे प्रत्येक अंकाच्या नमुना-चित्राशी तुलना करणे, हाच सरळ मार्ग आहे. हे नमुने इंटरनेटवरील स्वच्छ चित्रांतून घेऊ नयेत. ७२० पिक्सेल रुंदीच्या कॅप्चरमध्ये कन्सोलचा एक पिक्सेल अडीचपेक्षा किंचित जास्त पिक्सेल व्यापतो, त्यामुळे तोच ‘७’ दहा सेकंदांच्या घरात एका तऱ्हेने उमटतो आणि शतांशाच्या घरात दुसऱ्या तऱ्हेने. प्रत्येक घराचे नमुने आपल्याच रेकॉर्डिंगमधून वेगळे कापावेत, आणि अंकामागून रस्ता सरकत असल्याने तुलना करताना मास्क (बाकीचा भाग झाकणारा साचा) वापरून फक्त अंकाचे पिक्सेल धरावेत.

शर्यत सुरू झाल्याची खूण म्हणून काळा पडदा शोधणाऱ्यांची फसगत रंगांच्या श्रेणीमुळे होते. व्हिडिओत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मर्यादित श्रेणीत काळ्याची किंमत ० नसून १६ असते, आणि स्वस्त डोंगल उजळपणा आपोआप बदलत राहतात. त्यामुळे ठाम शून्य न तपासता, आपल्या कॅप्चरमधला काळा प्रत्यक्ष मोजून थोडी सूट ठेवावी. कमी बिटरेटने (दर सेकंदाला कमी माहिती साठवून) केलेली बचतही इथेच नडते. एवढ्या लहान चित्रासाठी एफएफव्ही१ सारखा काहीही न गमावणारा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) सहज परवडतो.

नवी जोडणी झाल्यावर पहिल्याच दिवशी शेकडो शर्यती तिच्यावर सोडू नयेत. एक पूर्ण टाइम ट्रायल (एकट्याने वेळेविरुद्ध धावण्याची शर्यत) रेकॉर्ड करून प्रोग्रॅमने काढलेल्या पाचही लॅपच्या वेळा शेवटी पडद्यावर येणाऱ्या वेळांशी ताडाव्यात, आणि जिथे फरक पडेल तिथे व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.