बहुभाषिक साइट काढताय? या चुका टाळा

मी दुसऱ्यांच्या बहुभाषिक साइट दुरुस्त करतो, आणि तक्रार बहुतेक वेळा तीच असते: मराठी पान तयार आहे, मजकूर चांगला आहे, पण गूगलवर सापडत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती आयपी (इंटरनेटवरचा पत्ता, ज्यावरून माणूस कोणत्या देशातून आलाय ते कळतं) पाहून पान बदलण्याची हौस. कोकणातल्या एका हापूसवाल्यांची साइट माझ्याकडे आली. मराठी पान इथल्यांसाठी, इंग्रजी दुबई-लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी. भारताबाहेरून कोणीही आलं की थेट इंग्रजी पान उघडेल, असं लावून ठेवलेलं. आता गूगलचा बॉट, म्हणजे साइटची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. तो मराठी पानाच्या दारात आला की दर वेळी इंग्रजीकडे पिटाळला जायचा.

मार्चमध्ये मालकांचा फोन आला. "अहो, दुकानाचं नाव टाकलं तरी इंग्रजीच पान वर येतंय. पेटीचा दर मराठीत लिहिलाय, तो कोणाला दिसणार?" आधीच्या माणसाने तीन महिने नुसती शीर्षकं बदलली होती. मी सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) मराठी पानाचा पत्ता टाकला, तर शेरा आला: रिडायरेक्ट असलेलं, म्हणजे दुसऱ्या पानाकडे पाठवणारं पान. पाच मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट! रिडायरेक्ट काढला, पण पान गूगलच्या यादीत यायला मे उजाडला आणि निम्मा हंगाम हातचा गेला. मला अजून त्याची हळहळ वाटते.

मी आता एवढंच करतो: पानाच्या वर एक बारीक पट्टी, तिच्यावर 'मराठीत वाचा' अशी लिंक. जायचं की नाही ते वाचणारा ठरवेल. भाषा कुकीत (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत) साठवून एकाच पत्त्यावर मजकूर बदलू नका. बॉट कुकी घेऊन येत नाही, म्हणून प्रत्येक भाषेला स्वतःचा पत्ता द्या.

दुसरी चूक एचरेफलँगच्या कोडची. एचरेफलँग म्हणजे पान कोणत्या भाषेचं, कोणत्या देशासाठी आणि त्याची दुसऱ्या भाषेतली पानं कुठे, हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण; आधी भाषेचा कोड, मग देशाचा. मराठी पानावर 'एमआर-एमएच' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. गाडीच्या पाटीवर एमएच म्हणजे महाराष्ट्र, पण देशांच्या कोडमध्ये एमएच म्हणजे प्रशांत महासागरातली मार्शल बेटं! आपल्याला हवं 'एमआर-आयएन', किंवा नुसतं 'एमआर'. ब्रिटनचा देश-कोड जीबी. यूके हा भाषेचा कोड आहे, तोही युक्रेनियनचा. जपानी भाषा जेए, जेपी नव्हे. शिवाय ही खूण दोन्हीकडून लागते. मराठी पानाने इंग्रजीचा पत्ता दिला आणि इंग्रजीने मराठीचा दिला नाही, तर गूगल ती जोडी धरतच नाही. सर्च कन्सोलमध्ये या चुका दाखवणारा अहवाल होता, तो २०२२ मध्ये बंद झाला. त्यामुळे प्लगिनवर भरवसा टाकून झोपू नका. मी कंट्रोल-यू दाबून दोन्ही पानांचा सोर्स शेजारी शेजारी उघडतो आणि एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहतो. कंटाळा येतो, तरी करतो.

सगळ्या भाषांच्या पानांचा कॅनॉनिकल ('मूळ पान हे' असं गूगलला सांगणारी खूण) इंग्रजी पानाकडे वळवू नका, मराठी पान यादीतून गळतं.

भाषेच्या बटणावर झेंडा नको, भाषेचं नाव लिहा. जर्मन किती देशांत बोलतात!

मशीनचं भाषांतर न वाचता चढवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. जर्मनीत सायकलला 'फारराड' म्हणतात, स्वित्झर्लंडमध्ये 'वेलो'. भाषा जर्मनच, पण शोधायचा शब्द वेगळा. आपल्याकडेही 'शीतकपाट दुरुस्ती' कोण शोधतं? लोक 'फ्रिज रिपेअर' टाकतात. तिथल्या दोन माणसांना फोन करून विचारा, दुसरा सोपा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

आणि जुन्या मराठी साइटवाल्यांनी आधी हे बघा. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ असतो, आणि गूगल तोच वाचतं. एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उरली नाही, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणा.