विरोधी पक्षात आलायस? आधी पोच घ्यायला शीक

सत्तेतल्या नगरसेवकाचं काम एका फोनवर होतं. आपलं होत नाही, म्हणून आपल्याला कागद लागतो. ठाण्यात नौपाड्यातल्या पक्ष कार्यालयात अर्ज लिहिण्याचं टेबल माझ्याकडे आहे. नवी पोरं येतात ती 'ताई, आंदोलन कधी करायचं?' असं विचारतच. मी आधी कार्बन पेपर हातात देते.

तक्रार दोन प्रतींत. एक महापालिकेच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवून यायचं नाही, बाकावर बसायचं. 'परिसरातील नागरिक त्रस्त आहेत' हे वाक्य मी लाल पेनाने खोडते. कुठल्या सोसायटीच्या फाटकासमोर, कितव्या खांबापाशी, गटाराचं झाकण कधीपासून नाही, ते लिही. फोटोत मागच्या दुकानाची पाटी आली पाहिजे, नाहीतर तो खड्डा कल्याणचासुद्धा असू शकतो!

रस्ता कोणाचा, हे आधी बघ. घोडबंदर रोडवर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रोचं काम करणारी एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे अर्ज एकाला लिहायचा आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून उरलेल्या दोघांची नावं टाकायची. पोच तिन्हीकडून.

काही हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता का उखडला?' असं विचारशील तर उत्तर येणार नाही, कारण 'का'चा कागद त्यांच्याकडे नसतो. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची प्रत माग, झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेची पानं माग, दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत, कधी संपतो ते माग. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते, आणि मग अभियंत्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

आंदोलन त्यानंतर. पोलीस ठाण्यात आधी पत्र दे. गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांची ताकीद देणारी नोटीस येईलच. जुने लोक तिला अजून '149 ची' म्हणतात, नव्या कायद्यात ते कलम 168 झालंय. तिचा फोटो स्टेटसला लावून मिरवू नकोस, फाईलला लाव. अंगावर गुन्हा आला तर उद्या उमेदवारी अर्जाच्या शपथपत्रात तो लिहावा लागतो.

उमेदवारीला वय 21 पुरतं, पण घाई कशाला? टेंभी नाक्यावर शिवसेनेच्या आनंद दिघ्यांकडे लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे, ते कुठे निवडून आले होते? मार्च 2022 ला मुदत संपून ठाण्यातले सगळेच नगरसेवक माजी झाले. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते, तेव्हाही आमच्या टेबलासमोरची गर्दी हटली नाही. त्या काळात मतदार यादी वाचायला शिकलेली पोरं पुढे चार नगरसेवकांच्या प्रभागात उपयोगी पडली. प्रारूप यादी आली की आपली इमारत भलत्याच प्रभागात गेली नाही ना, ते बघ आणि हरकत मुदतीतच टाक.

झाकण बसलं की रातोरात दुसऱ्याचा बॅनर लागेल. चिडू नकोस, फाडू तर मुळीच नकोस. कनिष्ठ अभियंत्याचे आभार मानणारा दोन ओळींचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाक आणि खाली पोचेचा फोटो जोड, तारीख दिसेल असा.