आधी कोणाची फाइल उघडायची?

फार्म.डी. ही औषधशास्त्राची पदवी संपवून नाशिकच्या एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटची औषधं तपासणारी, म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिला महिनाभर मी रोज खाट क्रमांक एकपासून फाइली वाचायला घ्यायचे. डॉक्टरांचा राउंड सुरू होईपर्यंत जेमतेम वीस व्हायच्या. एकतिसाव्या खाटेवरच्या आजींपर्यंत पोहोचायला मला तिसरा दिवस उजाडला.

आजी पेठ तालुक्यातल्या. वय ७४, वजन ४२ किलो, तापासाठी रात्री भरती झालेल्या. चार्टवर मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. उशाशी औषधांची प्लास्टिकची पिशवी होती. त्यातली मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप दाखवून मी विचारलं, "आजी, ही गोळी रोज घेता?"

"न्हाई गं बाई, ती सोमवारची. सोमवारी उपास असतो ना, म्हणून ध्यानात राहते."

संधिवाताची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वॉर्डात तीन दिवस रोज दिली गेली होती. तोंड आलं, पांढऱ्या पेशी उतरल्या, तिचा परिणाम उतरवायला फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं द्यावी लागली. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, पण ती पिशवी पहिल्याच सकाळी उघडायला हवी होती, हे मला आजही बोचतं.

नव्याने रुजू होणाऱ्यांना म्हणूनच सांगते, खाटांच्या क्रमाने जाऊ नका. ज्याच्या चार्टमध्ये चूक होण्याची आणि झालीच तर जिवावर बेतण्याची शक्यता जास्त, तो पेशंट आधी.

माझी सकाळ आता लॅबच्या रिपोर्टपासून सुरू होते. त्यातही फसवं असतं ते क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं. आजींचं होतं १.३. नुसत्या आकड्याकडे पाहून कोणी दचकत नाही. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, आणि वाळलेल्या म्हाताऱ्या देहात स्नायू असतात किती? मूत्रपिंड किती काम करतंय ते काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र हातानेच मांडा: १४० मधून वय वजा केलं की ६६, गुणिले वजन ४२, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट, बाई असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला साधारण २५ मिली, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडतं मुख्यतः मूत्रपिंडातून, त्यामुळे आठवड्याच्या डोसाबद्दलसुद्धा डॉक्टरांना विचारायला हवं होतं. रक्त गोठू न देणाऱ्या एनॉक्सापॅरिन इंजेक्शनचंही तसंच: हा आकडा ३० च्या खाली गेला की उपचाराचा डोस, किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदाऐवजी एकदाच. आणि वजन अंदाजाने लिहिलेलं असेल तर सगळं गणितच खोटं. पेशंट उभा राहू शकत असेल तर सरळ वजनकाट्यावर घ्या.

त्यानंतर रात्रीतून भरती झालेले आणि आयसीयूतून वॉर्डात हलवलेले. पेशंट हलला की चार्ट नव्याने उतरवला जातो, आणि त्यात एखादी गोळी गळते किंवा दोनदा येते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी २०१७ मध्ये मोहीम सुरू केली. तिच्यातही अशा स्थलांतरांवर, एकदम चालणाऱ्या अनेक औषधांवर आणि जास्त जोखमीच्या परिस्थितींवर भर आहे. पाचाच्या वर औषधं दिसली की मी फाइलवर पेन्सिलने खूण करते. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असताना मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गाचं औषध सुरू झालं असेल, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका असतो; ती फाइल थांबवून ठेवू नका. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलेलं दिसलं तर पूर्ण शब्द लिहून घ्या. घाईत तो 'यू' शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात.

चूक सापडली की चिठ्ठी ठेवून निघून येऊ नका. पुढचा डोस द्यायची वेळ झाली असेल तर आधी सिस्टरांना सांगा, "डॉक्टरांशी बोलेपर्यंत हा डोस थांबवा," आणि तिथूनच फोन लावा. निवासी डॉक्टर रात्रभर जागे असतात. मी कधीच "तुम्ही चुकलात" म्हणत नाही. "सर, ही गोळी आजी सोमवारीच घेतात म्हणाल्या, चार्टवर रोज आहे," एवढंच सांगते आणि स्ट्रिप दाखवते. तेवढ्यावर बहुतेक डॉक्टर लगेच चार्ट बदलतात.

डिस्चार्जच्या वेळी पुन्हा पिशवी उघडायची. बंद केलेल्या गोळ्या वेगळ्या काढायच्या. आठवड्याची गोळी असेल तर कार्डावर वाराचं नाव लिहून घ्यायचं. घरच्यांनी तो वार मला वाचून दाखवल्याशिवाय मी खाटेपासून हलत नाही.